विजेचा दाब आणि रक्ताचा दाब

झरी जामणीकडच्या कपाशीच्या रानातून जाताना डोक्यावर उच्च दाबाची तार आली, की पाऊल नकळत भरभर पडते. तारेत दाब, अंगातही दाब, शब्द एकच. तेव्हा “या तारेनंच बीपी वाढते,” असे कुणी म्हटले तर त्याला हसू नका. ही शंका मोठमोठ्या तज्ज्ञांनाही आली होती.

रक्ताचा दाब पहिल्याने मोजला गेला तो जनावरावरच. इंग्लंडचे पाद्री स्टीफन हेल्स यांनी घोडीच्या रोहिणीला काचेची उभी नळी जोडली. रक्त तीत ८ फूट ३ इंच चढले! हा प्रयोग १७३३ साली छापून आला. दंडाला पट्टा बांधून दाब मोजण्याची युक्ती इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ साली काढली.

पुढे मोठ्या तारा आल्या. १९७२ साली पॅरिसच्या परिषदेत सोव्हिएत तज्ज्ञांनी सांगितले, की अतिउच्च दाबाच्या उपकेंद्रांतील कामगार डोकेदुखी, थकवा व हृदयाच्या तक्रारी करतात. पण तिथे गोंगाट असतो, ठिणग्यांचे बारीक झटकेही बसतात. मग दोष नेमका कशाचा?

हे उलगडायला प्रयोगशाळेत उंदीर आणले. तिथेही तोच घोळ! विद्युत्क्षेत्रातल्या उंदराने पाण्याच्या नळीला तोंड लावले की झटका बसायचा; आणि भ्यालेल्या जिवाचा दाब चढणारच. म्हणून झटके टाळून प्रयोग करणे भाग पडले. शिवाय उभ्या माणसावर क्षेत्राचा परिणाम बुटक्या उंदरापेक्षा जास्त. तेव्हा उंदराला कितीतरी तीव्र क्षेत्र द्यावे लागते. अमेरिकेतील बॅटेल प्रयोगशाळेत मीटरमागे १०० किलोव्होल्टपर्यंतच्या क्षेत्रात उंदीर ठेवले. १९८० साली निष्कर्ष आला: रक्तदाबात लक्षणीय फरक नाही. २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेनेही सर्व पुरावा तपासला. लोकांच्या वाट्याला एरवी येणाऱ्या विद्युत्क्षेत्रापासून आरोग्याचा मोठा प्रश्न संभवत नाही, असे तिने सांगितले.

याचा अर्थ तुमचा दाब ठीक आहे, असा मात्र नव्हे. वाढलेला दाब बहुधा काहीच जाणवू देत नाही. तारेवर खापर फोडून घरी बसलेल्याचे दुखणे आतल्या आत वाढते. तेव्हा एकदा आरोग्य केंद्रात जाऊन दंडाला पट्टा बांधून घ्या. आणि तारेची भीती बाळगायचीच तर तुटून पडलेल्या तारेची बाळगा. तिच्याजवळ मुळीच जाऊ नका.