यादीत कोण नाही?

पीएम-किसानच्या यादीत कोण घुसले, यावर खूप लिहिले गेले. 2021 च्या सुरुवातीला माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरातून समजले की 20 लाख 48 हजार अपात्र लाभार्थ्यांना 1,364 कोटी रुपये वाटले गेले. त्यांत आयकर भरणारे मोठ्या संख्येने होते. ही चोरी उघड झालीच पाहिजे. पण आपल्या समाजाचा प्रश्न इथे संपत नाही, इथून सुरू होतो.

आधी हे लक्षात घ्या की माहितीचा हक्क कुणी दान दिलेला नाही. राजस्थानात मजदूर किसान शक्ती संघटनेने डिसेंबर 1994 मध्ये कोट किराणा येथे पहिली जनसुनावणी घेतली. कामाचे मस्टर गावासमोर मोठ्याने वाचले गेले आणि खोट्या नोंदी तिथेच पकडल्या गेल्या. त्या लढ्यातून पुढे 2005 चा कायदा आला. त्याच्या कलम 4 नुसार अनुदान योजनांची रक्कम आणि लाभार्थ्यांचा तपशील सरकारने न मागता जाहीर करायचा आहे.

आता यादी वेगळ्या नजरेने वाचू. पीएम-किसानचे वर्षाला 6,000 रुपये मिळायला जमिनीच्या दप्तरात नाव लागते. म्हणजे आपल्याकडे सातबारा. बटाईने कसणारा यात नाही. आयुष्यभर दुसऱ्याच्या रानात राबणारी मजूर बाई नाही. शेती करणे ही अट नाही, जमीन नावावर असणे ही अट आहे. आणि जमीन कुणाच्या नावावर आली, हा जातीचाच इतिहास आहे.

बाबासाहेबांनी तो इतिहास कायद्याने बदलायचा प्रयत्न केला. 1928 मध्ये त्यांनी महार वतनाबाबत विधेयक मांडले, 1937 मध्ये खोती नष्ट करण्याचे. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’मध्ये तर शेतजमीन राज्याच्या मालकीची करून ती जातीचा भेद न करता गावकऱ्यांना कसायला द्यावी, अशी मागणी केली. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली 1959 मध्ये आणि पुन्हा 6 डिसेंबर 1964 पासून भूमिहीनांचा सत्याग्रह झाला. पडीक आणि गायरान जमीन कसणाऱ्याला द्या, ही त्याची मागणी होती. 1991 मध्ये महाराष्ट्र शासनाने दलित-आदिवासींची 14 एप्रिल 1990 पर्यंतची गायरान अतिक्रमणे नियमित करण्याचा निर्णय काढला. तरीही अनेक कुटुंबे आजही त्याच जमिनीवर सातबाऱ्याविना पेरणी करतात. सरकारच्या लेखी ती ‘अतिक्रमक’ आहेत, शेतकरी नाहीत.

भूमिहीनाला योजनेत घेता येत नाही, हे म्हणणे खोटे आहे. ओडिशाच्या ‘कालिया’ योजनेने भूमिहीन शेतमजूर कुटुंबांनाही मदतीत धरले होते. प्रश्न पैशाचा कमी, इच्छेचा जास्त आहे.

मित्रांनो, 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकाराचे कलम 8 बदलले. ‘खासगी माहिती’ म्हणून अर्ज फेटाळणे आता सोपे झाले आहे. म्हणून कलम 4 वर बोट ठेवा. ग्रामसभेत दोन याद्या मागा: अनुदान मिळालेल्यांची आणि गायरान नियमित होण्याची वाट पाहणाऱ्यांची. दोन्ही शेजारी ठेवून मोठ्याने वाचा. पहिल्या यादीतला चोर पकडला जाईल. दुसरी यादी वाचल्यावर कळेल की आपल्या वस्तीतले किती शेतकरी सरकारने कधी मोजलेच नाहीत.

जयभीम!