लिफ्ट नाही, जिना चढवेना: पाहुण्याची तक्रार आली तर घरमालकाने काय करावं?

ठाण्याहून खाडीवरचा पूल ओलांडला की कशेळी. समजा, इथल्या लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट तुम्ही दोन-चार दिवसांसाठी दिलाय आणि गुडघेदुखीच्या आजी बॅगा घेऊन खालीच थांबल्यात. आता?

'आजवर कुणी तक्रार केली नाही' हे सर्वात वाईट उत्तर. आधी स्वतःची जाहिरात उघडून बघा. त्यात लिफ्ट लिहिली असेल, तर चूक तुमची. तळमजल्यावर दुसरी सोय करा किंवा पैसे परत द्या. एअरबीएनबीवर पाहुणा अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांत तक्रार करू शकतो. शिवाय १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे, आणि २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तो स्वतःच्या जिल्ह्यातल्या आयोगाकडेही जाऊ शकतो.

व्हीलचेअरवरच्या पाहुण्याला 'आमची पोरं उचलून नेतील' असं सांगू नका. त्यात पडण्याचा धोका आहे, आणि ते अपमानास्पदही वाटतं.

रॅम्प? त्याचा उतार १:१२ लागतो. म्हणजे १५ सेंटिमीटरच्या एका पायरीलाच १.८ मीटर जागा. दारातल्या पायरीला तो जमेल, तीन मजल्यांना नाही. म्हणून जाहिरातीत 'थोडे जिने' न लिहिता पायऱ्या मोजून आकडा लिहा, कठडा आहे का ते सांगा, बाथरूमच्या दाराची रुंदी द्या. जिन्याचा फोटो हॉलच्या फोटोशेजारीच टाका.