कीटकनाशकाचे पुढे काय झाले?

बाटलीबंद पिण्याच्या पाण्यात कोणतेही एक कीटकनाशक लिटरमागे 0.1 मायक्रोग्रॅमहून जास्त असू नये, अशी आपल्याकडची मर्यादा आहे. इतके विरळ विष सक्रिय कोळसा शोषून घेतो खरा, पण मग विष धरून बसलेल्या कोळशाचे काय करायचे हा प्रश्न उरतोच. प्रकाश-उत्प्रेरणाची वाट वेगळी आहे. तिथे विषाचा रेणूच मोडायचा असतो.

टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणावर अतिनील किरण पडले की इलेक्ट्रॉन जागा सोडतो. त्या रिकाम्या जागेपाशी पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलके बनतात आणि सेंद्रिय रेणूंचे तुकडे पाडत जातात. फुजिशिमा आणि होंडा यांच्या 1972 च्या प्रयोगानंतर जगाचे लक्ष या पदार्थाकडे वळले.

बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेचे या क्षेत्रातले काम नवख्याने आवर्जून वाचावे. के. सी. पाटील यांनी 1980 च्या दशकात धातूचे नायट्रेट आणि युरियासारखे इंधन एकत्र पेटवून क्षणात बारीक ऑक्साइड मिळवण्याची रीत तिथे रुजवली. पुढे एम. एस. हेगडे, गिरिधर मद्रास आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी टायटॅनिल नायट्रेट व ग्लायसिन 350 अंश सेल्सिअसला पेटवून 8 ते 10 नॅनोमीटरचे कण बनवले. साध्या उन्हात या कणांनी रंगद्रव्ये झपाट्याने मोडली. उन्हात अतिनील भाग जेमतेम चार-पाच टक्के असतो, हे लक्षात घेतले की या यशाचे मोल कळते.

रंग उडालेला डोळ्यांना दिसतो. कीटकनाशकाचे तसे नाही. मॅलेथिऑन अर्धवट ऑक्सिडीकृत झाले तर मॅलॅऑक्सॉन बनते, आणि ते मूळ द्रव्याहून अधिक विषारी असते. म्हणून ‘मूळ रेणू दिसेनासा झाला’ एवढ्यावर थांबणारा शोधनिबंध मला अपुरा वाटतो. कार्बनचा कार्बन डायऑक्साइड होईपर्यंत हिशेब लागला पाहिजे.

दुसरी अडचण खऱ्या पाण्याची. आपल्या विहिरी-बोअरच्या जड पाण्यातले बायकार्बोनेट मूलके गिळून टाकते, त्यामुळे शुद्ध पाण्यात मिळालेला वेग तिथे टिकत नाही. शिवाय इतकी बारीक पूड पाण्यातून परत काढणे कठीण. ती काचेवर किंवा मण्यांवर बसवली तर पाण्याला भिडणारा पृष्ठभाग घटतो.

रसायनशास्त्राची पदवी आणि चिकाटी असलेल्या कोणालाही इथे करण्यासारखे पुष्कळ आहे. तुम्ही या कामाला लागाल तेव्हा पहिला नमुना आपल्या गावच्या विहिरीचा घ्या.