डोक्यात उवा, हातात घरी जाण्याची चिठ्ठी

सप्टेंबर १९०२. या एका महिन्यात न्यूयॉर्क शहरात १०,५६७ मुलांना शाळेतून घरी पाठवण्यात आले. कोणाच्या अंगावर खरूज होती, कोणाला गजकर्ण झाले होते, कोणाच्या डोळ्यांत खुपऱ्या होत्या आणि कित्येकांच्या डोक्यात उवा होत्या. वर्षभराने, सप्टेंबर १९०३ मध्ये, हाच आकडा १,१०१ वर आला. या बारा महिन्यांत कोणतेही नवे औषध निघालेले नव्हते.

मग घडले काय? ते समजण्यासाठी आधी उवांचे वय पाहावे लागेल.

ऊ ही माणसाची फार जुनी सोबतीण. मृत समुद्राजवळच्या नहाल हेमार गुहेत सुमारे ९,००० वर्षांपूर्वीच्या मानवी केसांना चिकटलेली लीख सापडली आहे. इस्रायलमधील लाखीश येथील उत्खननात हस्तिदंताची एक चिमुकली फणी मिळाली. तिची लांबी जेमतेम साडेतीन सेंटिमीटर. एका बाजूस गुंता सोडवण्यासाठी ६ जाड दात, दुसऱ्या बाजूस उवा काढण्यासाठी १४ बारीक दात. दात केव्हाच मोडले आहेत, पण एकाच्या बुंध्याशी उवेच्या पिल्लाचे अवशेष सूक्ष्मदर्शकाखाली दिसले.

याच फणीवर कोरलेली पुसट अक्षरे उलगडून २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. केसांतील आणि दाढीतील उवांचा या दंताने समूळ नाश व्हावा, अशा अर्थाची ती प्रार्थना आहे. इ.स.पू. १७०० च्या सुमाराची ही ओळ म्हणजे कनानी वर्णमालेत लिहिलेले, आजवर हाती आलेले सर्वांत जुने पूर्ण वाक्य. एखाद्या राजाच्या विजयाऐवजी हा मान उवांच्या वाट्याला यावा, ही इतिहासाची गंमतच.

आपल्याकडेही ओळख तितकीच घरगुती. मराठी ‘ऊ’ संस्कृत ‘यूका’पासून आली, ‘लीख’ आली ‘लिक्षा’पासून. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातील लांबीच्या कोष्टकात ८ लिक्षांची १ यूका, ८ यूकांचा १ यवमध्य आणि ८ यवमध्यांचे १ अंगुल. या हिशोबाने ऊ अंगुलाचा चौसष्टावा भाग ठरते. खरी ऊ दोन-तीन मिलिमीटरांची, म्हणजे याहून कितीतरी मोठी. कोष्टक रचणाऱ्याने स्वतः फणी हाती धरली नसावी!

चौदाव्या शतकाच्या आरंभी मेरुतुंगाने लिहिलेल्या ‘प्रबंधचिंतामणि’मध्ये एक आख्यायिका आहे. गुजरातचा चौलुक्य राजा कुमारपाल याने जैन आचार्यांच्या प्रभावाने प्राणिहत्या बंद केली होती. एका व्यापाऱ्याची पत्नी त्याचे केस विंचरत असताना तिला ऊ सापडली आणि तिने ती त्याच्या हातावर ठेवली. त्याने ती चिरडली. राजपुरुषांनी त्याला धरून नेले, त्याचे धन जप्त झाले आणि त्या धनातून अणहिलवाड पाटण येथे ‘यूकाविहार’ उभा राहिला. कथा कितपत खरी, हा प्रश्न बाजूला ठेवू. पण एरवी आईच्या मांडीवर आणि अंगठ्याच्या नखांवर निकालात निघणारा विषय राज्यसंस्थेने हाती घेतल्याचा असा प्रसंग जुन्या वाङ्मयात विरळाच.

राज्यसंस्था मुलांच्या डोक्यापर्यंत खऱ्या अर्थाने पोहोचली ती सक्तीच्या शिक्षणामुळे. उवेला पंख नाहीत, तिला उडी मारता येत नाही. डोक्याला डोके लागले की ती चालत पलीकडे जाते. एका बाकावर दाटीने बसलेली मुले ही तिच्यासाठी पर्वणीच होती.

न्यूयॉर्कच्या आरोग्य खात्याने १८९७ मध्ये शाळा तपासण्यासाठी १५० वैद्यकीय निरीक्षक नेमले. डॉक्टर येत, मुले पाहत आणि संसर्गाची शंका येईल त्या मुलाच्या हाती चिठ्ठी देऊन त्याला घरी पाठवत. काम तेथेच संपे. चिठ्ठी इंग्रजीत असे. लोअर ईस्ट साइडच्या चाळींतल्या कितीतरी आया पूर्व युरोपातून किंवा इटलीतून नुकत्याच आलेल्या. त्यांना ती वाचताही येत नसे. मूल घरी राही, उवा डोक्यात राहत, आणि संध्याकाळी तेच मूल त्याच वर्गमित्रांबरोबर रस्त्यावर खेळताना दिसे. शाळा मात्र कागदोपत्री स्वच्छ.

या व्यवस्थेची किंमत काय होती, हे लिलियन वॉल्ड या परिचारिकेने फार आधी पाहिले होते. १८९३ पासून ती याच वस्तीत राहून रुग्णसेवा करीत होती. तिथे तिला लुई नावाचा बारा वर्षांचा मुलगा भेटला. आई खाटकांचे एप्रन धुऊन पोट भरत होती. लुईच्या डोक्याच्या त्वचेला विकार होता. तो दवाखान्यात पुष्कळदा जाऊन आला होता, मलमेही मिळाली होती. ती नीट लावायची कशी, हे कोणी दाखवले नव्हते. शाळेत पाऊल टाकले की शिक्षिका त्याला परत धाडत. बारा वर्षांच्या मुलाला दिव्याच्या खांबांवरची रस्त्यांची नावे वाचता येत नव्हती आणि त्याची लाज त्याला स्वतःलाच होती. वॉल्डने तीच मलमे व्यवस्थित लावून घेतली. डोके बरे झाले. सप्टेंबरमध्ये लुई आयुष्यात पहिल्यांदा शाळेत गेला आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुटीत पाच मजले धावत चढून, सकाळी शिकलेले शब्द वॉल्डला म्हणून दाखवायला आला.

१९०२ मध्ये तपासणी कडक झाली, घरी पाठवलेल्या मुलांची संख्या भडकली, तेव्हा वॉल्डने शहरापुढे प्रस्ताव ठेवला: आपल्या हेन्री स्ट्रीटच्या संस्थेतील एक परिचारिका महिनाभर विनामूल्य घ्या. ती परिचारिका म्हणजे लीना रॉजर्स. मूळची कॅनडाची, टोरोंटोच्या बालरुग्णालयात शिकलेली. ऑक्टोबर १९०२ मध्ये तिने चार शाळांत काम सुरू केले.

तिची पद्धत ऐकायला अगदी साधी. किरकोळ दुखणी शाळेतच धुऊन-पुसून, मलम लावून मुलाला लगेच वर्गात बसवायचे. उवांसाठी रॉकेल आणि गोडे तेल समभाग मिसळून केसांना चोपडायचे, डोके फडक्यात गुंडाळून काही तास ठेवायचे, मग साबणाने धुवायचे. लिखा केसांना घट्ट चिकटतात. त्या सैल व्हाव्यात म्हणून व्हिनेगर. शेवटी बारीक दातांची फणी. शाळा सुटली की ती चाळींचे जिने चढून घरोघर जाई आणि आईच्या समोर, आईच्या हातून हे करवून घेई. चिठ्ठीतला मजकूर असा प्रत्यक्ष हातांनी समजावला गेला.

(रॉकेलचा हा उपाय आज कोणी करू नये. ते पेट घेते, त्वचा भाजते, पोटात किंवा फुप्फुसात गेले तर जीवावर बेतते. आपल्याकडील सीताफळाच्या बियांची पूडही निरुपद्रवी नाही; ती डोळ्यांत गेल्यास बुबुळाला गंभीर इजा होते. शिवाय सीताफळ मूळचे अमेरिका खंडातले, म्हणजे फणीच्या मानाने हा ‘पारंपरिक’ उपाय अगदी कालचा.)

हा प्रयोग इतका पटला की शहराने शाळा-परिचारिकांसाठी ३०,००० डॉलर मंजूर केले. आरंभी दिलेला १,१०१ हा आकडा त्यानंतरचा. घट केवळ उवांची नव्हे, पण नऊ हजारांहून अधिक मुलांचा फरक एवढ्याशा बदलाने पडला: आजार शोधणाऱ्या माणसाच्या पाठोपाठ तो बरा करणारे माणूस आले.

अटलांटिकच्या पलीकडे इंग्लंडनेही परिचारिका नेमल्या, पण सोबत कायद्याचा बडगा घेतला. १९०८ च्या बालक कायद्यानुसार पालकांना २४ तासांत मूल स्वच्छ करण्याची नोटीस देता येई. न केल्यास अधिकारी मुलाला नेऊन स्वच्छ करीत. वर्गमित्रांच्या देखत असे नेले जाणे काय असते, याची कल्पना करणे अवघड नाही. शाळांच्या नोंदींत मात्र उवांचे प्रमाण वर्षागणिक घटत गेले आणि सारे निश्चिंत झाले.

मग सप्टेंबर १९३९ उजाडला. बॉम्बहल्ल्याच्या भीतीने सुमारे १५ लाख लोक, त्यांत बहुसंख्य मुले, तीन दिवसांत शहरांतून खेड्यांत हलवली गेली. ज्यांनी त्यांना घरात घेतले, त्यांच्या तक्रारींचा पूर आला. मुलांच्या डोक्यांतील उवांवर पार्लमेंटमध्ये चर्चा झाली. कीटकशास्त्रज्ञ केनेथ मेलनबी याने या तक्रारींचा छडा लावताना शाळांची दप्तरे बाजूला ठेवली आणि रुग्णालयांत दाखल होणाऱ्या मुलांच्या नोंदी तपासल्या. १९४१ मध्ये निष्कर्ष पुढे आले: मोठ्या औद्योगिक शहरांत शाळकरी मुलींपैकी जवळपास निम्म्यांच्या डोक्यात उवा होत्या. शाळांचे आकडे याच्या पासंगालाही पुरत नव्हते. परिचारिका येणार हे ठाऊक असले की आदल्या रात्री फणी फिरते, नाहीतर मूल त्या दिवशी घरीच राहते. ताप अशी पूर्वसूचना देत नाही.

पुढे डीडीटी आले, मग मॅलॅथिऑन, परमेथ्रिन. प्रत्येकाला उवा कालांतराने सरावल्या. प्रलापक ज्वर पसरवणारी ऊ कपड्यांतली असते, डोक्यातली ऊ रोग पसरवत नाही, हेही स्पष्ट झाले. तरीही विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील अनेक शाळांनी नियम केला: डोक्यात एकही लीख दिसली तर वर्गात प्रवेश नाही. रॉजर्सच्या कामाला शंभर वर्षे पूर्ण झाली त्याच वर्षी, २००२ मध्ये, अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीला सांगावे लागले की उवा-लिखांपायी निरोगी मुलाला शाळेबाहेर ठेवू नये. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात आणि लीख आठ-दहा दिवसांत फुटते. त्यामुळे टाळूपासून सेंटिमीटरभर दूर दिसणारी लीख बहुधा रिकामे कवच असते, आणि त्या रिकाम्या कवचासाठी मुले घरी बसत होती.