इंग्रजीच्या अभ्यासाची एक जुनी वाट

बारावीची परीक्षा आपल्या राज्यांत बहुधा इंग्रजीच्या पेपरानें सुरू होते. त्यामुळें माघाची थंडी ओसरूं लागली, कीं पुष्कळ घरांतून एकच देखावा दिसतो. दिवाणखान्यांतला दूरदर्शन संच बंद असतो, पाहुण्यांशीं हळू आवाजांत बोललें जातें, आणि आंतल्या खोलींत एखादा विद्यार्थी छापील प्रश्नोत्तरांचें पुस्तक मांडीवर घेऊन त्याच त्या ओळींवरून रंगीत पेन्सिल फिरवीत बसलेला असतो. चौथ्यांदा वाचलेलें उत्तर त्याला आतां ओळखीचें वाटतें. ओळखीचें वाटतें म्हणून तें येतें असेंहि वाटतें. परीक्षेच्या खोलींत कोरा कागद पुढें आला, म्हणजे ती ओळख रस्त्यांतल्या नमस्कारापुरतीच होती, हें ध्यानांत येतें. उत्तर ओळखीचें असणें आणि उत्तर येणें, ह्या दोहोंमधल्या अंतराविषयीं आज मला बोलावयाचें आहे.

माझे आजोबा वारल्यावर त्यांच्या लांकडी पेटींत तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेची एक जीर्ण प्रत आणि शाईनें भरलेल्या दोन वह्या निघाल्या. आजोबा मॅट्रिकला पहिल्या खेपेस नापास झाले होते, आणि तेंहि इंग्रजींत. हाताशीं आलेली कारकुनाची जागा त्यामुळें गेली आणि वर्षभर चुलत्यांच्या दुकानांत पुड्या बांधाव्या लागल्या. वह्या त्याच वर्षांतल्या. एका वहींत इंग्रजी उताऱ्यांचें मराठी केलेलें. दुसरींत, मूळ पुस्तक मिटून, त्याच मराठीचें पुन्हा इंग्रजी केलेलें. आणि मग मूळ उताऱ्याशीं ताडून पाहून चुकलेल्या प्रत्येक शब्दाखालीं तांबड्या पेन्सिलीची रेघ. पहिल्या पानांवर तांबडें फार. शेवटल्या पानांवर तुरळक. दुसऱ्या खेपेस आजोबा पास झाले. एका माणसाच्या यशावरून नियम काढूं नये, हें खरें. परंतु ही युक्ति एकट्या आजोबांची नव्हती. तिचा माग काढीत गेलें, म्हणजे आपण थेट सोळाव्या शतकांतल्या इंग्लंडांत जाऊन पोंचतों.

त्या काळीं इंग्रज मुलांची स्थिति आपल्या मुलांहून फारशी निराळी नव्हती. राज्यकारभारांत, धर्मपीठांत किंवा विद्येंत वर चढावयाचें, तर लॅटिन यावयास हवें. आणि लॅटिन तर कोणाच्याहि घरीं बोलली जात नसे. पाठशाळांतून व्याकरणाचीं सूत्रें घोकून घेत आणि चुकल्यास छडी बसे. १५६३ च्या डिसेंबरांत, प्लेगच्या सांथीमुळें, एलिझाबेथ राणीचा दरबार लंडन सोडून विंडसरला होता. तेथें एके दिवशीं भोजनाच्या वेळीं विल्यम सेसिल ह्या मंत्र्यानें वार्ता सांगितली, कीं ईटनच्या शाळेंतलीं कांहीं मुलें माराच्या भीतीनें पळून गेलीं आहेत. त्यावर मुलांना मारावें कीं न मारावें, ह्याचा वाद रंगला. पंक्तीला राणीचा जुना शिक्षक रॉजर अ‍ॅस्कम हजर होता. ह्या वादांतून त्यानें ‘स्कूलमास्टर’ हें पुस्तक लिहावयास घेतलें. तें त्याच्या मृत्यूनंतर, १५७० सालीं, प्रसिद्ध झालें.

अ‍ॅस्कमची रीत साधी आहे. शिक्षकानें सिसरोचें एखादें सोपें पत्र मुलाला नीट समजावून द्यावें. मग मुलानें एकट्यानें बसून त्याचें इंग्रजी करावें. तें तपासून झाल्यावर शिक्षकानें लॅटिन पुस्तक काढून घ्यावें, निदान तासभर जाऊं द्यावा, आणि नंतर मुलानें आपल्याच इंग्रजीवरून दुसऱ्या वहींत पुन्हा लॅटिन लिहावें. शेवटीं दोन्ही लॅटिन लेख शेजारीं ठेवून, सिसरोनें येथें कोणता शब्द योजला आणि तेथें कोणती रचना केली, हें शांतपणें दाखवावें. चुकलें म्हणून रागावूं नये. साधलें तेथें मात्र शाबासकी अवश्य द्यावी. खुद्द राणीनें ग्रीक आणि लॅटिन ह्याच दुहेरी भाषांतरानें साध्य केल्या, असें तो अभिमानानें सांगतो. ह्या रीतींत तीन गोष्टी गोंवलेल्या आहेत, त्या आपण ध्यानांत ठेवूं : पुस्तक मिटणें, मध्यें कांहीं वेळ जाऊं देणें, आणि उत्तम लेखनाशीं आपलें लेखन ताडून पाहणें.

ह्याच तीन गोष्टी सुमारें दीडशें वर्षांनीं अटलांटिक महासागराच्या पलीकडे पुन्हा भेटतात. बॉस्टन शहरीं १७०६ सालीं जन्मलेला बेंजामिन फ्रँकलिन दहाव्या वर्षीं शाळेंतून निघाला आणि पुढें थोरल्या भावाच्या छापखान्यांत उमेदवारी करूं लागला. आपल्या लिहिण्यांत डौल नाहीं, असें वडिलांनीं एकदां दाखवून दिलें, तें त्याच्या मनाला लागलें. त्याच सुमारास लंडनच्या ‘स्पेक्टेटर’ ह्या नियतकालिकाचा एक सुटा खंड त्याच्या हातीं पडला. त्यांतला निबंध वाचून तो प्रत्येक वाक्याच्या आशयाची त्रोटक टिपणें करी, तीं कांहीं दिवस बाजूला ठेवी, आणि मग पुस्तक न पाहतां तोच निबंध स्वतःच्या शब्दांत पुरा करी. नंतर मूळ काढून आपल्या चुका सुधारी. कधीं तो टिपणांचे कागद मुद्दाम एकमेकांत मिसळून टाकी आणि विचारांची सुसंगति पुन्हा लावून पाही. हें सारें रात्रीं, काम संपल्यावर, किंवा पहांटे, काम सुरू होण्यापूर्वीं. जवळ शिक्षक नव्हता. मूळ निबंध हाच त्याचा शिक्षक.

आतां आपल्या घरीं येऊं. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८ जुलै १८५७ रोजीं झाली आणि १८५९ सालीं पहिली मॅट्रिक्युलेशन परीक्षा घेण्यांत आली. सव्वाशेंच्या वर मुलें बसलीं आणि वीसबावीसच उतरलीं. त्या थोडक्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे होते. तेव्हांपासून जवळजवळ नव्वद वर्षें मॅट्रिक हें आपल्या समाजांतलें एक मोठें दार होऊन बसलें, आणि त्या दाराची कडी इंग्रजीची होती. दाराबाहेर थांबलेल्यांत कोण कोण होतें, तें पाहावें. कोंकणांतल्या मुरुड गांवचे धोंडो केशव कर्वे इंग्रजीला उशिरां लागले आणि १८८१ सालीं, वयाच्या तेविसाव्या वर्षीं, मॅट्रिक झाले. भीमराव आंबेडकर १९०७ सालीं ही परीक्षा उत्तीर्ण झाले, तेव्हां अस्पृश्य मानलेल्या समाजांतल्या मुलानें हें दार उघडलें, ही गोष्टच एवढी मोठी वाटली, कीं मुंबईंत त्यांच्या अभिनंदनाची सभा भरली. सीताराम केशव बोले अध्यक्षस्थानीं होते, आणि कृष्णराव अर्जुन केळुसकर ह्यांनीं स्वतः लिहिलेलें बुद्धाचें चरित्र त्यांना भेट दिलें. मॅट्रिकच्या एका निकालावर मुलाचेंच नव्हे, घराचें आणि कधीं कधीं सबंध समाजाचें भवितव्य टांगलेलें असे.

जेथें दार अरुंद, तेथें किल्ल्या विकणारे येतातच. नेमलेल्या पुस्तकांच्या टिपा, सारांश आणि तयार उत्तरें ह्यांचा व्यापार लवकरच सुरू झाला. अशा पुस्तकांना इंग्रजींतहि ‘किल्ली’च म्हणत. मुलानें शेक्सपिअर वाचण्याऐवजीं शेक्सपिअरविषयीं कोणीतरी लिहिलेलें पाठ करावें, आणि परीक्षकानें तें ओळखूनहि गुण द्यावे, अशी वहिवाट पडली. १९०२ च्या विद्यापीठ आयोगानें हेंच गाऱ्हाणें मांडलें, कीं परीक्षा शिक्षणासाठीं असावयाची, तेथें शिक्षणच परीक्षेचें दास झालें आहे. ह्याच काळांत भाषांतर पाठमालेसारखीं पुस्तकें घरोघर होतीं. थोडे नियम, थोडे शब्द, आणि मग मराठी वाक्यांचें इंग्रजी व इंग्रजी वाक्यांचें मराठी, असा त्यांचा क्रम. त्यांतलीं वाक्यें कित्येकदां कृत्रिम असत. परंतु विद्यार्थ्याला वाक्य स्वतःच्या डोक्यांतून काढावें लागे. किल्लीचें पुस्तक त्याला तेवढेंच एक काम करूं देत नसे.

भाषांतराच्या ह्या पद्धतीवर पुढें टीकाहि झाली, आणि ती निराधार नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस युरोपांत प्रत्यक्ष पद्धतीचा पुरस्कार सुरू झाला. परकी भाषा त्या भाषेंतच बोलून शिकवावी, मध्यें मातृभाषा आणूं नये, असें तिचें म्हणणें. नुसतें भाषांतर करणारा मुलगा चार वाक्यें बोलावयास लागला कीं अडखळतो, हें आपल्याकडेहि दिसतच होतें. डाक्क्याच्या अध्यापन महाविद्यालयांत काम करणाऱ्या मायकेल वेस्ट ह्यांनीं १९२६ सालीं बंगालमधल्या अनुभवावरून आणखी एक मर्माची गोष्ट पुढें आणली. शाळेंत इंग्रजीला आरंभ करणारीं बहुतेक मुलें अभ्यासक्रम पुरा होण्यापूर्वींच शाळा सोडतात. त्यांच्या पदरांत काय पडतें? विम्याचा करार मध्येंच सोडला तरी कांहीं रक्कम परत मिळते. तसें अर्ध्यावर सुटलेल्या इंग्रजीचें कांहीं मोल उरलें पाहिजे. म्हणून आधीं वाचतां येऊं द्या, असें त्यांचें सांगणें होतें. माझ्या आजोबांच्या वह्यांतहि हेंच दिसतें. त्यांना इंग्रजी बोलतां फारसें आलें नाहीं. वाचतां मात्र मरेपर्यंत आलें.

१९४९ सालीं मुंबई इलाख्यांत मॅट्रिकच्या जागीं शालान्त परीक्षा आली. पुढें दहावी आणि बारावी असे दोन टप्पे झाले, आणि २००० सालापासून महाराष्ट्रांत इंग्रजी पहिलीपासून शिकवूं लागले. नांवें बदललीं, दार मात्र राहिलें. मराठी माध्यमांतून दहावी झालेली मुलगी विज्ञानशाखेला जाते, तेव्हां तिला पदार्थविज्ञान इंग्रजींत, गणित इंग्रजींत, आणि इंग्रजी तर इंग्रजींतच वाचावें लागतें. वर्गांत मागल्या बांकावर बसून ती जें गप्प राहते, तें बुद्धि कमी म्हणून नव्हे.

अशा विद्यार्थ्यांना जुन्या वाटेचा उपयोग आहे काय? गेल्या शंभर-सव्वाशें वर्षांतलें मानसशास्त्र ‘आहे’ असें म्हणतें. हर्मन एबिंगहाउस ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८८५ सालीं स्वतःवर प्रयोग करून दाखविलें, कीं पाठ केलेलें पहिल्या कांहीं तासांतच झपाट्यानें विसरतें, आणि उजळणी एका बैठकींत न उरकतां दिवसांवर वांटली तर श्रम वांचतात. १९३९ सालीं अमेरिकेंतल्या आयोवा राज्यांत सहाव्या इयत्तेच्या ३,६०५ मुलांवर स्पिट्झर ह्यांनीं केलेल्या प्रयोगांत, वाचल्यावर लवकरच ज्यांची चांचणी घेतली, त्यांच्या लक्षांत अधिक राहिलें. २००६ सालीं रोडिगर आणि कार्पिक ह्यांनीं महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. एका गटानें तो चार बैठकी वाचला. दुसऱ्यानें एकच बैठक वाचला आणि उरलेल्या तीन बैठकींत, न पाहतां, आठवेल तें लिहून काढलें. पांच मिनिटांनीं विचारलें तेव्हां वाचणारे पुढें होते. आठवड्यानंतर मात्र वाचणाऱ्यांना सुमारें ४० टक्के आठवलें आणि लिहिणाऱ्यांना सुमारें ६१ टक्के. गंमत अशी, कीं आपल्या लक्षांत अधिक राहील असा भरंवसा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. रंगीत पेन्सिल फिरविणाऱ्या आपल्या विद्यार्थ्याची फसगत होते ती नेमकी येथें.

आजच्या पेपरांत लांबलचक भाषांतर नसतें. उताऱ्यावरचे प्रश्न, सारांश, पत्र, वृत्तान्त, कवितेचा आस्वाद असें असतें. म्हणून वाट तीच ठेवून पावलें थोडीं निराळीं टाकावीं. युवकभारतींतला एखादा परिच्छेद समजून वाचावा. त्याचे मुद्दे मराठींत, पांच-सहा ओळींत, टिपून घ्यावे. दोन दिवसांनीं पुस्तक न उघडतां त्या मुद्द्यांवरून तोच परिच्छेद इंग्रजींत लिहावा; मग पुस्तक उघडून ताडावा. चुका एका निराळ्या वहींत उतराव्या. कोठें काळ चुकला, कोठें शब्दयोगी अव्यय चुकलें, ह्याची ती जमाखर्चाची वहीच होईल, आणि एकच चूक किती वेळां झाली तें तिच्यावरून कळेल. लिहिलेलें मोठ्यानें वाचावें, म्हणजे तोंडी परीक्षेला जीभ अडखळणार नाहीं. जुना पेपर घड्याळ लावून सोडवावा. आदर्श उत्तर नंतर पाहावें, आधीं नव्हे. तयार उत्तरांचीं पुस्तकें जाळून टाका, असें मी म्हणत नाहीं. सिसरो जेवढ्यापुरता अ‍ॅस्कमला हवा होता, तेवढ्यापुरतीं तीं ठेवावीं : स्वतः लिहून झाल्यावर ताडण्यापुरतीं.

पालकांनाहि एक विनंति आहे. ह्या अभ्यासांत आरंभीं वही तांबड्या रेघांनीं भरून जाते. पाठ केलेलें घडाघड म्हणणारा मुलगा हुशार दिसतो, आणि कोऱ्या कागदापुढें अडलेला मुलगा मंद दिसतो. पण आठवड्यानंतर पारडें फिरतें. तोंवर धीर धरावा. विंडसरच्या त्या पंक्तींतला प्रश्न ईटनच्या पळून गेलेल्या मुलांवरून निघाला होता, आणि चुकणाऱ्या मुलाला भय वाटूं देऊं नये, एवढेंच अ‍ॅस्कमचें त्याला उत्तर होतें. माझ्या आजोबांच्या वहीच्या पहिल्या पानावर बारा ओळींत एकोणीस तांबड्या रेघा आहेत. तें पान त्यांनीं फाडून टाकलें नाहीं. इंग्रजीचा पेपर जवळ आला आहे. आपल्या घरांतल्या वहीचें तसलें पानहि जपून ठेवावें, एवढें सांगून मी आपली रजा घेतों.