मेंढा (लेखा) ग्रामसभा

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा या गोंड गावाची, सर्वसहमतीने निर्णय घेणारी स्वशासन संस्था. तिची पार्श्वभूमी इंचमपल्ली व भोपालपटनम धरणांविरुद्ध १९८० च्या दशकात झालेल्या आंदोलनाची (पहा : जंगल बचाव, मानव बचाव आंदोलन). येथे मते मोजत नाहीत. एकाचाही विरोध असला, तर विषय पुन्हा चर्चेला येतो. आधी अभ्यासगटात माहिती तपासली जाते, आणि हीच या पद्धतीची खरी ताकद होय. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ मध्ये बांबू वाहतूक परवाने देण्याचा अधिकारही (पहा : वनहक्क कायदा, २००६). जॉन स्टुअर्ट मिलने १८६१ मध्ये स्थानिक संस्थांना नागरिकांच्या राजकीय शिक्षणाचे साधन मानले, पण प्रतिनिधींमार्फत; मेंढ्यात गाव स्वतःच निर्णय घेते (पहा : उदारमतवाद; पेसा कायदा, १९९६).