क्लॅडिंग बदलाचे काम सुरू असलेल्या इमारतीत सदनिका घेताना : इंग्लंडमधील कायदा आणि कागदपत्रे

परांच्या बांधलेल्या आणि प्लास्टिकच्या कापडाने झाकलेल्या उंच निवासी इमारती हे इंग्लंडमधील शहरांत आता नेहमीचे दृश्य झाले आहे. बाह्य भिंतींवरील ज्वलनशील आवरण, म्हणजेच क्लॅडिंग, उतरवून त्या जागी न जळणारे आवरण बसविण्याचे काम या इमारतींत चालू असते. काम चालू असतानाच त्यांतील सदनिका विक्रीला येतात. किंमत काहीशी उतरलेली असते आणि दुरुस्तीचा खर्च सरकार किंवा विकासक करणार असल्याचे आश्वासन दिले जाते. ते आश्वासन बऱ्याचदा खरेही असते. मात्र ते कितपत लागू पडते, हे १४ फेब्रुवारी २०२२ या एका तारखेवर आणि त्या दिवशी ती सदनिका कोणाच्या नावावर होती यावर बरेचसे अवलंबून असते.

या साऱ्या व्यवस्थेचे मूळ लंडनमधील ग्रेनफेल टॉवरच्या दुर्घटनेत आहे. १४ जून २०१७ च्या मध्यरात्रीनंतर या २४ मजली इमारतीतील चौथ्या मजल्यावरील एका सदनिकेत शीतकपाटाला लागलेली आग खिडकीवाटे बाहेरच्या आवरणापर्यंत पोहोचली आणि तेथून इमारतभर पसरली. ७२ जणांचा मृत्यू झाला. वर्षभरापूर्वीच्या नूतनीकरणात बसविलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तावदानांचा गाभा पॉलिइथिलीनचा होता, आणि आग इतक्या वेगाने पसरण्याचे मुख्य कारण तेच होते, असा निष्कर्ष सर मार्टिन मूर-बिक यांच्या चौकशी आयोगाने ऑक्टोबर २०१९ मधील पहिल्या अहवालात काढला. त्याआधीच, डिसेंबर २०१८ मध्ये, १८ मीटरपेक्षा उंच नव्या निवासी इमारतींच्या बाह्य भिंतींत ज्वलनशील साहित्य वापरण्यास इंग्लंडमध्ये बंदी घालण्यात आली होती. उभ्या असलेल्या इमारतींचे काय, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाच्या नोव्हेंबर २०२४ च्या अहवालानुसार ११ मीटरपेक्षा उंच अशा ९ हजार ते १२ हजार इमारतींना दुरुस्तीची गरज असून, एकूण खर्च सुमारे १६.६ अब्ज पौंड येईल आणि काम २०३५ पर्यंत लांबू शकते.

भारतीय वाचकाला येथे मालकीची रचना समजून घ्यावी लागते. महाराष्ट्रात सदनिकाधारक गृहनिर्माण संस्थेचा सभासद असतो आणि अभिहस्तांतरणानंतर जमीन व इमारत संस्थेच्या नावे होते. इंग्लंडमध्ये बहुतेक सदनिका लीजहोल्ड पद्धतीने, म्हणजे ९९, १२५ किंवा ९९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने विकल्या जातात. इमारतीचा मालक वेगळा राहतो आणि देखभालीचा खर्च तो सर्व्हिस चार्जच्या रूपाने सदनिकाधारकांकडून वसूल करतो. आवरण कोणते लावावे याच्याशी ज्यांचा काडीचा संबंध नव्हता, त्या पट्टेदारांच्या दारात ग्रेनफेलनंतर दुरुस्तीची लाखो रुपयांच्या तोडीची बिले येऊन पडली ती याच तरतुदीमुळे. आग लागल्यास रहिवाशांना उठविण्यासाठी रात्रंदिवस फिरणाऱ्या पहारेकऱ्यांचा पगारही त्यांच्याच माथी आला. घर विकता येईना आणि ठेवणेही परवडेना, अशी हजारो कुटुंबांची अवस्था झाली.

यावर उपाय म्हणून ‘बिल्डिंग सेफ्टी अ‍ॅक्ट २०२२’ हा कायदा करण्यात आला. त्यातील पट्टेदारांच्या संरक्षणाच्या तरतुदी २८ जून २०२२ पासून लागू आहेत. किमान ११ मीटर उंच किंवा किमान पाच मजली निवासी इमारतींना त्या लागू होतात. अशा इमारतीतील ‘पात्र’ पट्टेदाराकडून धोकादायक क्लॅडिंग काढण्याचा वा बदलण्याचा एक पैसाही घेता येत नाही.

पात्रतेची कसोटी विचित्र वाटावी अशी आहे. ती आजच्या मालकाला नव्हे, तर १४ फेब्रुवारी २०२२ रोजी पट्टा ज्याच्या नावे होता त्याला लावली जाते. त्या दिवशी ती सदनिका त्याचे मुख्य निवासस्थान असेल, किंवा ती धरून त्याच्या नावे ब्रिटनमध्ये तीनपेक्षा अधिक घरे नसतील, तर तो पट्टा पात्र ठरतो. एकदा पात्र ठरलेला पट्टा पुढे कोणीही विकत घेतला तरी पात्रच राहतो; खरेदीदाराकडे दहा घरे असली तरी फरक पडत नाही. याची दुसरी बाजू अधिक जाचक आहे. त्या दिवशी सदनिका एखाद्या मोठ्या गुंतवणूकदाराच्या हाती असेल, तर नंतर ती विकत घेऊन स्वतः राहायला येणाऱ्या तरुण जोडप्यालाही संरक्षण मिळत नाही. त्या तारखेनंतर प्रथमच दिलेला पट्टा तर मुळातच कक्षेबाहेर राहतो. जुन्या पट्ट्याची मुदत वाढवून घेताना कायद्याच्या दृष्टीने नवा पट्टा तयार होतो आणि त्यामुळे संरक्षण गमावण्याची वेळ काहींवर आली होती. ती त्रुटी २०२३ च्या दुरुस्तीने पूर्वलक्षी प्रभावाने दूर करण्यात आली.

म्हणून विक्रेत्याकडून सर्वप्रथम मागायचा कागद म्हणजे पट्टेदाराचे प्रमाणपत्र. १४ फेब्रुवारी २०२२ ची वस्तुस्थिती त्यात पुराव्यांसह नोंदविलेली असते आणि एकदा केलेले प्रमाणपत्र पुढील खरेदीदारांनाही उपयोगी पडते. विक्रेत्यानेच जर ती सदनिका २०२२ नंतर घेतली असेल, तर अडचण उभी राहते. तेव्हाच्या मालकाला गाठून त्याच्या घरांची माहिती मिळवावी लागते, आणि तो परदेशी निघून गेला असेल किंवा हयात नसेल तर हे काम महिनोन्‌महिने रखडते. ‘प्रमाणपत्र नंतर देऊ’ या शब्दावर व्यवहार पूर्ण करणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

दुसरा कागद इमारतमालकाचा. क्लॅडिंगखेरीज इतर दोषांचा, उदाहरणार्थ भिंत आणि आवरण यांच्यामधील पोकळीत नसलेले अग्निरोधक अडसर, सदोष दारे, छज्ज्यांचे लाकूड यांचा, खर्च पात्र पट्टेदारावरही काही प्रमाणात येऊ शकतो. त्याला मर्यादा आहे : लंडनमध्ये १५ हजार पौंड, इतरत्र १० हजार पौंड. सदनिकेचे मूल्य दहा लाख पौंडांहून अधिक असेल तर ५० हजार आणि वीस लाखांहून अधिक असेल तर एक लाख पौंड. लंडनमध्ये सव्वातीन लाखांहून आणि इतरत्र पावणेदोन लाखांहून कमी मूल्य असलेल्या सदनिकांना काहीच द्यावे लागत नाही. मर्यादेतील रक्कमही एका वर्षात तिच्या दहाव्या हिश्शापेक्षा अधिक घेता येत नाही. इमारतमालक हाच मूळ विकासक असेल किंवा त्याच्याशी संलग्न असेल, अथवा त्याच्या समूहाची निव्वळ मालमत्ता त्या तारखेला प्रत्येक संबंधित इमारतीमागे वीस लाख पौंडांपेक्षा जास्त असेल, तर हाही खर्च त्यालाच करावा लागतो. हे सारे मालकाच्या प्रमाणपत्रातून स्पष्ट होते. विक्रीची सूचना मिळाल्यावर ते चार आठवड्यांत देणे त्याच्यावर बंधनकारक आहे. यापूर्वी किती रक्कम वसूल झाली हेही पाहावे लागते, कारण आधीच्या पट्टेदाराने भरलेले पैसे त्याच मर्यादेत धरले जातात.

पट्टा अपात्र असला तरी व्यवहार लगेच सोडून द्यावा असे नाही. बहुतेक प्रकल्पांत क्लॅडिंगचा खर्च संपूर्ण इमारतीसाठी केला जातो. ५० हून अधिक विकासकांनी २०२३ पासून सरकारशी करार करून आपण बांधलेल्या इमारतींतील जिवाला धोकादायक अग्निदोष दूर करण्याची जबाबदारी घेतली आहे. विकासक सापडत नाही किंवा दिवाळखोर झाला आहे, अशा इमारतींसाठी ‘बिल्डिंग सेफ्टी फंड’ आणि २०२३ मध्ये पूर्णपणे खुली झालेली ‘क्लॅडिंग सेफ्टी स्कीम’ आहे. परंतु सरकारी निधी क्लॅडिंगपुरता असतो. अपात्र पट्टेदाराची खरी जोखीम आहे ती आवरण उतरविल्यावर आत सापडणाऱ्या दोषांची. त्यांना त्याच्यापुरती मर्यादा नाही. काम अर्ध्यावर असलेल्या इमारतीत हा प्रश्न कागदावरचा राहत नाही, कारण भिंत उघडल्यावर मूळ अंदाजपत्रकात नसलेली कामे निघणे हे सर्रास घडते. यासाठी केवळ ‘निधी मंजूर’ एवढे पत्र पुरेसे नाही. निधीचा करार झाला आहे का, कंत्राटदार नेमला आहे का, वाढीव कामाचा खर्च कोणाकडे, हे लेखी मिळायला हवे. ११ मीटरपेक्षा कमी उंचीच्या आणि पाचहून कमी मजल्यांच्या इमारतींना तर हे वैधानिक संरक्षणच नाही.

बँकांचा दृष्टिकोन गेल्या काही वर्षांत बदलला आहे. डिसेंबर २०१९ मध्ये सर्व्हेअरांची संस्था आरआयसीएस आणि कर्जपुरवठादारांच्या संघटनांनी ‘ईडब्ल्यूएस-१’ हा नमुना तयार केला. बाह्य भिंतीत ज्वलनशील साहित्य किती आणि त्याचा धोका किती, याची श्रेणी त्यात दिलेली असते. ‘बी-१’ म्हणजे ज्वलनशील घटक आहेत पण दुरुस्तीची गरज नाही. ‘बी-२’ म्हणजे दुरुस्ती आवश्यक. हा नमुना मूल्यांकनासाठी आहे, कायद्याने बंधनकारक नाही आणि तो इमारत सुरक्षित असल्याचा दाखलाही नव्हे. तरीही तो नाही म्हणून असंख्य व्यवहार मोडले. ९ जानेवारी २०२३ पासून बार्कलेज, एचएसबीसी, लॉइड्स, नेशनवाइड, नॅटवेस्ट आणि सँटँडर या सहा मोठ्या संस्थांनी धोरण बदलले. विकासकाने किंवा सरकारी योजनेने दुरुस्तीची हमी घेतली असेल, अथवा पट्टा पात्र असेल, तर दुरुस्ती बाकी असलेल्या इमारतीतही कर्जाचा विचार करण्याची तयारी त्यांनी दाखविली. येथेही बँक कागदच मागते. नमुन्याची मुदत पाच वर्षांची असल्याने २०२० च्या सुमाराचे दाखले आता कालबाह्य झाले आहेत, आणि काम पूर्ण झाल्यावर तर भिंत नवी असल्याने दाखलाही नवाच लागतो. विक्रेत्याने पुढे केलेल्या कागदावरील तारीख पाहण्याचे विसरू नये. सोबत ‘पीएएस ९९८०’ या २०२२ च्या मानकानुसार केलेला बाह्य भिंतींचा अग्निधोका अहवालही मागून घ्यावा. दुरुस्ती नेमकी कशाची आणि किती, हे त्यातच कळते.

वेळापत्रकावर फार विसंबता येत नाही. १८ मीटर किंवा सात मजल्यांवरील इमारतींत काम सुरू करण्यापूर्वी ऑक्टोबर २०२३ पासून इमारत सुरक्षा नियामकाची मंजुरी लागते. त्यासाठी आठ आठवड्यांचा कालावधी ठरलेला असताना प्रत्यक्षात अनेक महिने लागल्याच्या तक्रारी झाल्या. सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या योजनेनुसार, निधी मिळालेल्या १८ मीटरवरील सर्व इमारतींचे काम २०२९ अखेर पूर्ण व्हावयाचे आहे. तोपर्यंत रहिवाशांना परांची, धूळ, खिडक्यांवरील पडदे आणि बंद बाल्कन्या सोसाव्या लागतात. विकत घेतलेल्या घरात कित्येक महिने पुरेसा उजेड येणार नाही, हे आधीच मान्य करून चालावे.

काम चालू म्हणजे धोका टळला, असेही नाही. पूर्व लंडनमधील डॅगनहॅम येथे २६ ऑगस्ट २०२४ च्या पहाटे ज्या इमारतीला आग लागली, तेथे क्लॅडिंग काढण्याचे काम सुरूच होते आणि परांची उभी होती. रहिवाशांना झोपेतून उठवून बाहेर काढावे लागले. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. अशा इमारतीत जुने आवरण अजून किती शिल्लक आहे, गजराची व्यवस्था कोणती आणि आगीच्या वेळी घरातच थांबायचे की तात्काळ बाहेर पडायचे, याची विचारणा व्यवस्थापकाकडे केलीच पाहिजे.

विम्याचा हप्ता कायद्याच्या संरक्षणात येत नाही. धोकादायक आवरणाच्या इमारतींचे हप्ते बेसुमार वाढले आणि ते सर्व्हिस चार्जमधूनच भरले जातात. मागील तीन वर्षांचे हिशेब मागविल्यास हा बोजा लगेच ध्यानात येतो. न चुकत्या झालेल्या बिलांपोटी किमतीचा काही भाग सॉलिसिटरकडे राखून ठेवण्याची तडजोड विक्रेत्याशी करता येते. या कायद्याविषयी सल्ला देण्यास काही वकील कचेऱ्या कचरतात. वकील नेमण्यापूर्वीच तसे विचारलेले बरे.

भारतात राहून ब्रिटनमध्ये घर घेणाऱ्यांसाठी दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली एका व्यक्तीला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंतच रक्कम पाठविता येते, त्यामुळे लांबलेल्या व्यवहारात पैशांचे नियोजन आधीपासून करावे लागते. दुसरे, इंग्लंडच्या मुद्रांक शुल्कात अनिवासी खरेदीदाराला दोन टक्के अधिभार असतो आणि अतिरिक्त घरासाठीचा पाच टक्क्यांचा अधिभार ठरविताना पुण्यातले किंवा इंदूरमधले घरही मोजले जाते. पट्ट्याच्या पात्रतेसाठी मात्र केवळ ब्रिटनमधील घरे, तीही तेव्हाच्या मालकाची, मोजली जातात. या दोन मोजण्यांची गल्लत करू नये.

वरील नियम इंग्लंडचे आहेत. वेल्समध्ये दुरुस्तीचा स्वतंत्र कार्यक्रम आहे. स्कॉटलंडमध्ये सदनिका सहसा पूर्ण मालकीच्या असतात आणि तेथे २०२४ चा वेगळा क्लॅडिंग कायदा लागू आहे. ग्लासगो किंवा एडिनबरा येथील व्यवहारात १४ फेब्रुवारी २०२२ या तारखेची विचारणा करण्याचे कारण नाही.